२,४-डी मारताय? आधी डब्यावर एस्टर आहे का अमाइन सॉल्ट ते वाचा

पेरणीनंतर पिकाच्या बरोबरीनं रुंद पानाचं तण वर आलं की मका, ज्वारी, गव्हात २,४-डी हे तणनाशक मारायची घाई सुरू होते. मारा, पण हे औषध आहे काय ते आधी समजून घ्या.

हे मुळात क्लोरीन असलेलं सेंद्रिय आम्ल, आणि ते बनवायला मोनोक्लोरोॲसिटिक ॲसिड लागतं. व्हिनेगरमधल्या ॲसिटिक ॲसिडला एक क्लोरीन जोडला की तो इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, हायड्रोजन सैल होतो आणि आम्ल साधारण ७५ पट तीव्र होतं. २,४-डी या आम्लाचं अमाइनबरोबर सॉल्ट होतं आणि अल्कोहोलबरोबर एस्टर. डब्यावर हेच लिहिलेलं असतं पण बहुतेक जण वाचतच नाहीत!

एस्टर पानात लवकर शिरतं, पण उन्हात त्याची वाफ होते आणि ती फवारणी झाल्यावरही शेजारच्या रानात जाते. कापूस, द्राक्ष, टोमॅटो यांना याचा अगदी थोडा अंशही सोसत नाही, पानं अरुंद होतात, शिरा एकमेकींजवळ येतात, शेंडा वाकडा होतो, कारण हे रसायन झाडाच्या ऑक्झिन या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं. आसपास यातलं कुठलंही पीक असेल तर एस्टर घेऊच नका, अमाइन सॉल्ट घ्या, आणि तेही वारा त्या पिकाकडे जात असेल तर मारू नका. जाड थेंबाचा नोझल लावा, बूम (नोझल बसवलेली दांडी) खाली ठेवा. आणखी एक, संध्याकाळी किंवा पहाटे हवा अगदी थांबलेली असते तेव्हा बरं वाटतं पण तीच वेळ फसवी, बारीक थेंब जमिनीलगत तरंगत राहतात आणि लांब जातात. डायकांबा हे तणनाशकही क्लोरीनवालंच आम्ल आहे, त्यालाही हेच लागू.

गव्हात फुटवे आल्यावर आणि कांडी धरायच्या आधी मारा, उशीर झाला तर ओंब्या वेड्यावाकड्या येतात. डोस लेबलप्रमाणेच, अंदाजे झाकण ओतू नका.

पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम अमाइन सॉल्टमधल्या आम्लाला धरून ठेवतं आणि तण नुसतं पिवळं पडून परत उठतं. लेबलवर चालतं म्हटलं असेल तर अमोनियम सल्फेट टाकीत आधी विरघळवा, औषध नंतर.

पंप शक्यतो तणनाशकासाठी वेगळाच ठेवा. नसेल जमत तर लगेच तीनदा धुवा, अमोनियाचं पाणी भरून रात्रभर ठेवा, होज आणि गाळणीसुद्धा काढून धुवा. ब्लीच मात्र अमोनियात कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. आणि गॉगल घालाच, अमाइन सॉल्ट डोळ्याला फार वाईट इजा करतं.

शेणखताचंही सांगतो. २,४-डी जमिनीतले जिवाणू बहुतेक वेळा काही आठवड्यांत खाऊन टाकतात, पण क्लोपायरालिड, अमिनोपायरालिड या तणनाशकांतली क्लोरीनवाली आम्लं चाऱ्यातून जनावराच्या पोटात जाऊन शेणातही तशीच टिकतात आणि खत कुजलं तरी कित्येक महिने राहतात. विकत आणलेल्या खताची खात्री नसेल तर ते मातीत मिसळून दोन-चार कुंड्या भरा, शेजारी साध्या मातीच्याही भरा, सगळ्यांत घेवडा किंवा वाटाणा लावा. दोन-तीन आठवड्यांत खताच्या कुंडीतली पानं आकसली, देठ पिळला, तर ते खत टोमॅटो किंवा कडधान्याच्या रानात अजिबात घालू नका.