तारवट्याच्या पेटीतली व्यंगचित्रं

बारदेशातल्या एका जुन्या घरात पेटी उघडली तेव्हा आधी डांबरगोळ्यांचा वास आला. वर लोकरी कोट, त्याखाली लाल पुठ्ठ्याची हिशेबाची चोपडी. घरातल्या आंटीचे सासरे तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, होते; ब्रिटिश जहाजांवर भांडारी. १९४१ ते १९४४ या काळात जहाज ज्या बंदराला लागेल तिथल्या वर्तमानपत्रांतली व्यंगचित्रं कापून त्यांनी खळीने त्या चोपडीत चिकटवली होती. प्रत्येक चित्राखाली पेन्सिलीने बंदराचं नाव, तारीख आणि रोमी (रोमन लिपीतल्या) कोंकणीत एखादी ओळ. ब्रिटिश व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांच्या हिटलरवरच्या एका चित्राखाली लिहिलं होतं: लिव्हरपूल, मे १९४१, सगळी रात सायरन, न्हीद ना.

युद्धकाळातली जुनी व्यंगचित्रं आणि कॉमिक्स घेऊन विकणं हा माझा धंदा. मी त्या चोपडीचे अडीच हजार रुपये दिले. "व्हर बाबा, पूण सांबाळून दवर" (ने बाबा, पण सांभाळून ठेव), एवढंच आंटी म्हणाली.

मी ती सांभाळली नाही. चांगली अकरा पानं सोडवली, त्यातली चित्रं कडेने नीट कापून घेतली आणि एकेक करून विकली. गिऱ्हाइकाला पेन्सिलीची अक्षरं नको होती, म्हणून ती पट्टी कात्रीने उडवली. पुढे तीन वर्षांनी गोव्याच्या तारवट्यांवर अभ्यास करणारी एक बाई माझ्याकडे आली. उरलेली चोपडी तिने पानापानाने पाहिली आणि कापलेल्या जागी बोट ठेवून विचारलं, "इथे काय लिहिलं होतं?" मला अकरापैकी तीनच ओळी आठवल्या.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी पहिल्यांदा हे समजून घ्यावं. लो यांची छापील चित्रं लाखोंच्या प्रतींनी घरोघर गेली. सुट्या कात्रणाला बाजारात फारसं मोल नाही. ते चित्र एका गोव्याच्या भांडाऱ्याने कोणत्या रात्री, कोणत्या बंदरात कापलं, हे दुसऱ्या कुठल्याही प्रतीत नसतं. वस्तू आणि तिची हकिगत एकमेकींपासून तोडू नका. एकत्र सापडलेलं एकत्रच ठेवा, एकत्रच विका. थोडे पैसे कमी आले तरी चालेल.

गोव्यात हा माल येतो कुठून, असं लोक विचारतात. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, त्यामुळे गोवाही. पण गोंयकार सगळीकडे होता: ब्रिटिश जहाजांवर, मुंबईच्या कुडांत (गोंयकारांच्या वसतिगृहांत), कराचीत, मोंबासा-नैरोबीत, बसऱ्यात, रंगूनला. घरी परतताना प्रत्येकाची पेटी आली. त्या पेट्यांतून पहिल्या महायुद्धातला ब्रूस बेअर्न्सफादर यांचा मिशीवाला 'ओल्ड बिल' येतो, 'पंच' या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकाचे बांधीव खंड येतात, सिगारेटच्या पाकिटांतले छोटे सचित्र पत्तेही (कार्डं) येतात. लुई रामाकर्स या डच चित्रकाराच्या युद्धचित्रांचे असे १४० पत्ते १९१६ साली 'ब्लॅक कॅट' सिगारेटबरोबर निघाले होते. पूर्ण संच हाती लागणं कठीण, सुटे पत्ते मात्र मिळतात. फोंडा, डिचोली, पेडण्याकडच्या हिंदू घरांत वेगळा साठा असतो. युद्धकाळातले 'किर्लोस्कर'चे अंक, मूळचे गोव्याचे दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली सुरू केलेला 'दीपावली', नंतर १९६२, १९६५ आणि १९७१ च्या लढायांच्या वेळचे 'मार्मिक'चे अंक. मराठी अंकांकडे परदेशातला संग्राहक बघत नाही आणि आपला माणूस ते रद्दीत घालतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने इथूनच करावी असं मला मनापासून वाटतं. भाषा आपली असते, चित्रातला टोला कळतो, आणि भांडवल कमी लागतं.

मी या धंद्यात आलो तो छापखान्यातून. म्हापशात नऊ वर्षं ट्रेडलवर, म्हणजे ठसे दाबून छापणाऱ्या यंत्रावर, काम केलं, पुढे ठशांचा दाब न लागणारं ऑफसेट आलं. त्या नोकरीने मला जे शिकवलं त्यावर आजही माझं घर चालतं, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

सोनाराचं दहापट दाखवणारं भिंग घ्या. चित्राच्या राखाडी भागावर धरा. ओळीत बसलेले ठिपके दिसले तर ते छापील आहे, मग सही कितीही ठसठशीत असो. गोव्यात सगळ्यात जास्त घोटाळा इथलेच व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या बाबतीत होतो. घरात चौकटीत लावलेलं प्रत्येक चित्र लोकांना मूळ वाटतं, आणि भिंग धरलं की बहुतेकदा ठिपके दिसतात. निव्वळ रेषेच्या चित्रात ठिपके नसतातच. तिथे कागद उलटा करून बोटाचं पेर हलकेच फिरवा. ब्लॉकने, म्हणजे धातूच्या ठशाने, छापलेल्या कागदाच्या पाठीवर दाबाचा उठाव लागतो. ऑफसेटला तो लागत नाही. हाताने काढलेल्या रेषेत शाई काही ठिकाणी दाट, काही ठिकाणी पातळ असते, आणि उन्हात कागद तिरका धरला की दाट जागा चमकते.

वर्तमानपत्रासाठी काढलेलं मूळ चित्र कधीच स्वच्छ नसतं. शाईखाली पेन्सिलीचा कच्चा आराखडा असतो. चुकलेल्या जागी पांढरा रंग फासलेला असतो. मजकूर बदलला असेल तर वेगळ्या कागदाची पट्टी चिकटवलेली असते. समासात ब्लॉकवाल्यासाठी सूचना असते, किती रकान्यांत बसवायचं त्याचं माप असतं, पाठीवर कचेरीचा शिक्का. आकारही छापील चित्रापेक्षा मोठा, कारण ब्लॉक करताना चित्र लहान केलं जाई. नवा माणूस या खुणांना डाग समजतो. एका गृहस्थाने माझ्याकडे चित्र आणण्याआधी समासातली सगळी पेन्सिल खोडरबराने पुसली होती, चित्र छान दिसावं म्हणून. ते मूळच होतं, पण ते कधी आणि कुठे छापलं गेलं हे ठरवायचा आधार त्याने स्वतःच्या हाताने घालवला होता.

आता गोव्यातल्या कहाण्यांबद्दल. मुरगाव बंदरात एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स ही तीन जर्मन जहाजं आणि आनफोरा हे इटालियन जहाज आश्रयाला होती. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या ब्रिटिश राखीव घोडदळ पथकाच्या स्वयंसेवकांनी एरेनफेल्सवर छापा घातला आणि चारही जहाजं खलाशांनीच आग लावून बुडवली. त्याच वर्षी ऑक्टोबरात 'तेया मारू' हे जपानी आणि 'ग्रिप्सहोम' हे स्वीडिश जहाज इथे येऊन नागरिक कैद्यांची अदलाबदल झाली. या दोन्ही घटना खऱ्या आहेत, आणि म्हणूनच त्यांच्या नावावर वाटेल ते विकलं जातं. जर्मन मासिकाचं फाटकं पान दिसलं की ते एरेनफेल्सवरचं होतं म्हणून सांगतात. जळून बुडालेल्या जहाजावरचा कागद कोरडा आणि करपल्याशिवाय कसा राहिला, हे विचारा. कुणाकडून कुणाकडे आला, कोणत्या साली, घरात कुणाला आठवतं, हे विचारा. उत्तर नसेल तर कागदाची किंमत द्या, कहाणीची देऊ नका, आणि विकताना ती कहाणी पुढे सांगू नका.

कॉमिक्सचा बाजार वेगळा. 'कॅप्टन अमेरिका'च्या पहिल्या अंकावर मार्च १९४१ ही तारीख आहे. मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा मारतोय, आणि तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. पुढे युद्धातल्या रद्दी मोहिमांत अमेरिकन मुलांची कॉमिक्स ढिगांनी गेली, म्हणून उरलेली महाग. असा अंक घरात आहे असा फोन मला वर्षाला एखादा तरी येतो. मी फोनवरच विचारतो, बारकोड आहे का? असला तर ते उशिराचं पुनर्मुद्रण.

गोव्यात खरोखर भरपूर मिळतात ती खिशात मावणारी ब्रिटिश युद्ध कॉमिक्स. फ्लीटवे या ब्रिटिश प्रकाशकाची 'वॉर पिक्चर लायब्ररी' १९५८ ची, 'कमांडो' जुलै १९६१ पासून. ही युद्धानंतरची आहेत हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. पुष्कळ जण ती युद्धकाळातली म्हणून विकतात. 'कमांडो'च्या जुन्या गोष्टी नवा क्रमांक घालून पुन्हा निघाल्या आहेत, तेव्हा मुखपृष्ठ ओळखीचं वाटलं तरी क्रमांक आणि किंमत पाहिल्याशिवाय पैसे काढू नका. शिलिंग-पेन्समधली किंमत जुनी. आत चित्रकाराचं नाव बहुधा नसतं, म्हणून हात ओळखायला शिका. ह्युगो प्रॅट यांच्यासारख्या मोठ्या इटालियन चित्रकाराने फ्लीटवेसाठी काम केलंय आणि असा अंक इतर अंकांच्याच भावात पडून असतो. भाड्याच्या लायब्ररीचा शिक्का आणि पाठीला जाड दोऱ्याची शिवण असेल तर बाहेरचा गिऱ्हाईक नाक मुरडतो. मी मात्र असे अंक वेगळे ठेवतो. मडगावच्या कुठल्या लायब्ररीत मुलांनी ते वाचले हे त्या शिक्क्यावरूनच कळतं.

काही चित्रं हातात घेताना मन थांबतं. युद्धातल्या व्यंगचित्रांत द्वेष खूप आहे. जपानी माणसाला माकड करून काढलेली ब्रिटिश-अमेरिकन चित्रं तुम्हाला भेटतील. ती मी विकतो, पण वर्णनात ती काय आहेत ते झाकत नाही. ज्यूंविरुद्धचा नाझी माल मी विकायला ठेवत नाही, कितीही पैसे आले तरी. कारण तो शोभेसाठी मागणारी माणसं मी पाहिली आहेत. तो अभ्यासकांच्या हाती जावा. दुसऱ्या बाजूला, ब्रिटन काबीज केल्यावर ज्यांना धरायचं त्यांची यादी नाझींनी केली होती आणि त्यात डेव्हिड लो यांचं नाव होतं. हे कळल्यापासून मी त्यांचं साधं कात्रणही पहिल्यासारखं हाताळत नाही.

साठवण हा गोव्यात रोजचा विषय आहे. पावसाचे चार महिने कागद हवेतलं पाणी पितो. लोखंडी पिना गंजतात, बुरशी चढते, कसर लागते. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, तो उजेडात पिवळा पडून तुटतो. सेलोटेप कधीच लावू नका, त्याचा डाग जन्मभर जात नाही. मऊ प्लास्टिकच्या साध्या पिशव्या कागदाला चिकटतात, म्हणून पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशव्या आणि आम्लमुक्त पुठ्ठा घ्या. खर्च होतो, तो पहिल्या दिवसापासून किमतीत धरा. पेट्या भिंतीला टेकवू नका, जमिनीवर ठेवू नका, सिलिका जेलच्या पुड्या मेमध्येच बदला. पावसाळ्यात मी काहीही खरेदी केलं तरी ते आठ दिवस वेगळ्या खोलीत ठेवतो. एका ओल्या गठ्ठ्याबरोबर आलेल्या वाळवीने माझी दोन कपाटं खाल्ली होती.

कायद्याची माहिती सुरुवातीलाच करून घ्या. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यात सर्वसाधारण अट शंभर वर्षांची, पण ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मोलाच्या हस्तलिखितांना आणि दस्तऐवजांना ७५ वर्षांची आहे. म्हणजे १९४३ चा कागद दस्तऐवज ठरला तर तो २०१८ मध्येच त्या रेषेपलीकडे गेला. पुरातन ठरलेली वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. शंका आली की भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून दाखला घ्या, मगच परदेशी गिऱ्हाइकाला शब्द द्या. दुसरी गोष्ट, चित्र विकत घेतलं म्हणजे ते छापायचा हक्क मिळत नाही. चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो हक्क सहसा वारसांचा. आणि मूळ चित्र दहा हजारांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मागता येतो, १० टक्क्यांपर्यंत. हे घरच्यांना माहीत नसतं. तुम्ही सांगा.

विकताना फोटो दिवसाच्या उजेडात, सावलीत काढा. पाठीचा फोटो हवाच. फाटलेला कोपरा, डाग, दुरुस्ती, सगळं आधी लिहा. पाठवताना दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, त्यावर प्लास्टिक, मग स्पीड पोस्ट. गुंडाळी करून नळीत घालू नका, जुना कागद उलगडताना तुटतो.

आता मी कुठल्याही घरी गेलो की चित्रं बघायच्या आधी वही काढतो. पेटी कुणाची, ते कुठे कामाला होते, कधी परतले, हे घरातल्या मोठ्या माणसाकडून लिहून घेतो, त्यांना वाचून दाखवतो आणि ते पान मालाबरोबर ठेवतो. कापलेल्या अकरापैकी चार चित्रं मी परत विकत घेतली आहेत, विकली त्याच्या दुप्पट किमतीला. ती चोपडीत पुन्हा चिकटवलेली नाहीत, आपापल्या पानासमोर पॉलिएस्टरच्या पिशवीत ठेवली आहेत. उरलेल्या सातांतली दोन पुण्यात आहेत एवढं ठाऊक आहे. त्या घराला पुढच्या महिन्यात पत्र लिहिणार आहे.