वाढत्या अंगाचं शिवताना

पोरांना कपडे 'वाढत्या अंगाचे' घ्यायची आपल्याकडं जुनी खोड आहे. पहिल्या वर्षी फ्रॉक खांद्यावरून घसरतो, दुसऱ्या वर्षी जरा बरा बसतो, आणि नीट बसायला लागतो तेव्हा त्याचा रंग विटलेला असतो. घरी शिवायचं तर ही कसरत कशाला? आजच्या मापाला चांगला बसेल असा कपडा शिवायचा आणि पुढची वाढ आत दडवून ठेवायची. थोडी बाजूच्या शिलाईत, थोडी घेराच्या टकमध्ये, म्हणजे शिवलेल्या आडव्या घडीत, थोडी खालच्या दुमडीत. तीन ते दहा वर्षांचं मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर उंच होतं, छाती मात्र इंचभराच्या आतबाहेरच वाढते. म्हणून जास्तीचं कापड लांबीत ठेवायचं, रुंदीत बेताचं.

मशीन कुठलं घ्यावं, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. माझ्याकडं सासूबाईंचं काळं पायमशीन आहे. एक सरळ टीप सोडून त्याला काही येत नाही आणि आमच्या घरातले सगळे कपडे त्याच्यावरच होतात. कडांचे धागे निघू नयेत म्हणून पिको-फॉलवाल्याकडून इंटरलॉक मारून आणायचं. ज्यांचं मशीन झिगझॅग मारतं त्यांनी तेवढा हेलपाटा वाचवावा. सुई मात्र कापडाप्रमाणं बदला. मलमलीला ११ नंबर, पॉपलीन-केंब्रिकला १४, जीन्सला १६. कापडात शिरताना सुईचा टकटक आवाज यायला लागला की ती बोथट झाली समजा आणि टाकून द्या. सुईची लांब खाच ज्या बाजूला असेल त्या बाजूनं दोरा ओवायचा. सुती कापडाला इंचात दहा-बारा टाके पुरतात.

कापडाच्या खाली दोऱ्याचा गुंता दिसला की बायका बॉबिनच्या मागं लागतात. बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, खाली टेकवून दोरा ओवला तर तो ताणाच्या चकत्यांमध्ये बसतच नाही, वरच्यावर राहतो. तेव्हा फूट उचला, दोरा पहिल्यापासून पुन्हा ओवा, आणि टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागं बोटानं धरून ठेवा. मेकॅनिकला फोन लावायच्या आधी एवढं करून बघा.

आता कापड. मी इचलकरंजीची, आमच्या गावात मागांचा खडखडाट रात्रंदिवस चालू असतो. ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताला मागावर चढवायच्या आधी सायझिंगमध्ये खळ दिल्याशिवाय ते मागावर टिकत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. दुकानातलं कडक, सळसळीत कापड बघून भुलू नका, त्यातली बरीचशी ऐट खळीची असते. ती धुतली की निघून जाते आणि सुती कापड आटतं ते वेगळंच. रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचं, सावलीत वाळवायचं, जरा ओलसर असतानाच इस्त्री फिरवायची. त्याच्याआधी कात्रीला हात लावायचा नाही. दुकानदारानं फाडून दिलेली कड तिरकी असेल तर आडवा एक धागा ओढून काढा. त्याची रेघ उमटते, त्या रेघेवर कापा. काठाला समांतर जाणारा उभा धागा ताणला तरी फारसा देत नाही. म्हणून कपड्याची लांबी नेहमी त्या बाजूनं घ्यायची, नाहीतर फ्रॉक धुण्यागणिक खाली लोंबायला लागतो.

पहिला कपडा म्हणून चार वर्षांच्या मुलीचा बिनबाह्यांचा चुण्यांचा फ्रॉक घ्या. दीड मीटर पॉपलीन, ३६ इंच पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी. माप घेताना पोरगी हलणारच, म्हणून छाती, खांदा, खांद्यापासून कमरेपर्यंत आणि कमरेपासून गुडघ्यापर्यंत एवढीच मापं घ्यायची. समजा छाती २२ इंच आली. त्यात हालचालीसाठी ३ मिळवले की २५. त्याचा चौथा भाग सव्वासहा आणि शिलाईची माया, म्हणजे टिपेच्या बाहेर सोडायचं कापड, पूर्ण एक इंच, म्हणजे घडी घातलेल्या कापडावर सव्वासात. एरवी अर्धा इंच पुरतो. हा जास्तीचा अर्धा इंच पुढं कामाला येतो.

मुंढ्याची, म्हणजे हात घालायच्या गोलाईची उंची छातीचा चौथा भाग, साडेपाच इंच. गळ्याची रुंदी मधल्या घडीपासून बारावा भाग, म्हणजे साधारण पावणेदोन. गळ्याची खोली पुढं अडीच, मागं एक. खांदा मधल्या घडीपासून सव्वाचार इंच घ्यायचा आणि त्याला अर्धा इंच उतार द्यायचा. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा पाव इंच आत खोलायचा, नाहीतर हात पुढं घेतला की तिथं कापड गोळा होतं. वरच्या भागाची लांबी ९ इंच, दोन्हीकडचे अर्धे-अर्धे धरून १०. पाठीचे दोन तुकडे करायचे आणि मध्यभागी बटणपट्टीसाठी दीड-दीड इंच वाढवायचा. चार वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर २० इंचांच्या आसपास असतो आणि हा गळा जेमतेम बारा इंच भरतो. पाठ उघडी ठेवली नाही तर फ्रॉक डोक्यातून जायचाच नाही. घेराला पन्ह्याएवढे दोन तुकडे घ्यायचे. लांबी १४ हवी असेल तर १९ कापा. वर अर्धा इंच, टकसाठी दोन, खालच्या दुमडीला अडीच.

बेतताना आधी सगळे तुकडे कापडावर मांडून बघा, मगच खडू घ्या. फुलांचं कापड असेल तर सगळ्या फुलांचे देठ एकाच दिशेला आहेत ना, हेही तेव्हाच बघायचं.

शिवायचा क्रम महत्त्वाचा. पुस्तकी पद्धतीत वरचा भाग वेगळा शिवून गोल करतात, घेर वेगळा गोल करतात आणि मग दोन्ही जोडतात. दिसायला ते छान दिसतं, पण पुढं सैल करायचं म्हटलं की सगळं उसवावं लागतं. मी बाजूची टीप शेवटासाठी राखून ठेवते.

आधी खांदे जोडायचे. मग गळ्याला आणि मुंढ्यांना उरेब, म्हणजे तिरपी कापलेली पट्टी. उरलेल्या कापडाचा कोपरा काठावर दुमडून तिरपी घडी पाडायची आणि त्या घडीला समांतर सव्वा इंच रुंद पट्ट्या कापायच्या. तिरपी पट्टी गोलाईवर वळते, सरळ पट्टी कधीच वळणार नाही. पट्टी सुलट बाजूनं पाव इंचावर टीप मारून लावायची. नंतर गोलाईवर अर्ध्या-अर्ध्या इंचावर कात्रीच्या टोकानं छोटे कट द्यायचे, टिपेच्या एक धागा अलीकडं थांबायचं. हे कट दिले नाहीत तर पट्टी आत वळवल्यावर गळा उभा राहतो आणि इस्त्री करून करून हात दुखले तरी बसत नाही. कट दिल्यावर पट्टी आत वळवा, नखानं कड दाबा, हातशिलाई घाला. हातशिलाईला दोरा एकेरी घ्यायचा आणि वरच्या कापडाचा एखादाच धागा उचलायचा.

पाठीच्या पट्ट्या एक इंच आत दुमडून टीप मारायची, उजवी डावीवर ठेवायची आणि खाली कच्चा टाका घालून पक्की करायची. आता चुण्या. मशीनचा टाका सगळ्यात लांब करून घेराच्या वरच्या कडेला पाव इंच अंतरानं दोन समांतर टिपा मारा. दोन्ही टोकांना एकेक इंच मोकळा सोडायचा, तिथं चुण्या नकोत. खालचे, म्हणजे बॉबिनचे दोन्ही दोरे एकत्र धरून ओढा. एकाच दमात ओढलं तर दोरा तुटतो. मधोमध खूण करून अर्धा भाग एका टोकाकडून आणि अर्धा दुसऱ्या टोकाकडून गोळा करायचा. पुढचा घेर पुढच्या वरच्या भागाला, मागचा मागच्याला. दोन चुण्यांच्या टिपांच्या मधून पक्की टीप मारली की चुण्या सारख्या बसतात. चुण्यांचा भाग वरच्या बाजूला दिसला पाहिजे, म्हणजे सुईखाली जाताना कुठली चुणी आडवी पडली ते कळतं.

त्यानंतर मुंढ्यापासून खालच्या घेरापर्यंत एकाच दमात बाजूची टीप, एक इंच आत. दुसऱ्या वर्षी छातीला घट्ट झालं की ही एकच टीप उसवून पाव इंचावर नवी मारायची. दोन बाजूंचे मिळून चार थर, प्रत्येकी पाऊण इंच, म्हणजे छातीच्या घेराला सरळ तीन इंच मिळतात. मुंढ्याची पट्टी सपाट असतानाच लावल्यामुळं तिला हात लावावा लागत नाही.

शेवटी खालची दुमड, आणि तिच्या वर अडीच इंचांवर एक इंच रुंदीची टक. तोंड खाली करून इस्त्री केली की ती मुद्दाम केलेल्या नक्षीसारखी दिसते. सोडवली की लांबी दोन इंचांनी वाढते. सोडवल्यावर घडीची फिकट रेघ राहतेच, तिच्यावर नागमोडी लेस लावायची. लेस मी आधीच घेऊन ठेवते, कारण वर्षानं तोच रंग मिळेल याचा भरवसा नाही. पाठीला टिचबटणं लावा. हूक लेकराच्या पाठीला टोचतात.

मुलाच्या पायजम्याला मापंही नकोत. नीट बसणारा एखादा पायजमा घ्या, एक पाय दुसऱ्यात घालून खाकी कागदावर सपाट ठेवा आणि भोवतीनं पेन्सिल फिरवा. वर्तमानपत्र नको, शाई पांढऱ्या कापडावर उतरते. मागचा भाग पुढच्यापेक्षा दीड-दोन इंच उंच असतो, तो तसाच ठेवायचा. दोन्ही सारखे कापले तर पोरगं खाली बसलं की मागून सगळं दिसतं. कापड सुलटीवर सुलट ठेवून दुहेरी कापा, म्हणजे एक डावा आणि एक उजवा पाय मिळतो. नेफा इलास्टिकपेक्षा पाव इंच रुंद आणि इलास्टिक कमरेपेक्षा दोन इंच आखूड. पायाला तीन इंच दुमड ठेवा. मुलगे उंचीला ताडमाड वाढतात आणि कंबर आहे तिथंच राहते.

तान्ह्या बाळाच्या झबल्याला नवं कापड आणू नका. आजीची मऊ झालेली सुती साडी काढा. ती खिडकीत उजेडासमोर धरून सगळी बघत जा. जिथं कापड जाळीसारखं दिसतं तो भाग विरला आहे, तो दुपट्याच्या आतल्या थराला जाईल. बाकीच्या कापडाला आधी सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचाच्या आत टीप मारायची, कडा बारीक कापायच्या, मग उलटून दुसरी टीप मारायची. कडा दोन्ही टिपांच्या मधे बंद होतात आणि बाळाच्या अंगाला काही रुतत नाही. बटण नको, बांधायला कापडाचेच बंद करा, तेही आखूड.

आता स्वतःसाठी. पोरांचं शिवताना उत्साह असतो, स्वतःच्या कापडाची पिशवी कपाटात तशीच पडून राहते, हे घरोघरी. कुर्ता अवघड नाही. सुटसुटीत, आवडता जुना कुर्ता घ्या, मधोमध घडी घालून कागदावर ठेवा, आखा आणि एक इंच माया सोडा. आपणही वर्षभर एका मापात कुठं असतो! ४४ पन्ह्याचं अडीच मीटर कापड घेतलं तर पुढचा आणि पाठीचा भाग एकाखाली एक बसतात आणि शेजारच्या लांब पट्ट्यांतून बाह्या निघतात. बाही खांद्याला सपाट असतानाच जोडायची, गोल करून नाही. मग बाहीच्या टोकापासून काखेतून खालच्या कटापर्यंत, म्हणजे कुर्त्याच्या बाजूच्या उघड्या चिरेपर्यंत, एकच टीप.

आणि खिसा हवाच. बायकांच्या तयार कपड्यांना खिसा का नसतो, या प्रश्नाचं उत्तर देणारा शिंपी मला अजून भेटलेला नाही. सहा बाय सात इंचांचे दोन तुकडे कापायचे, एक पुढच्या कडेला, एक मागच्या कडेला, कमरेखाली दोन इंचांवर. बाजूची टीप मारताना खिशाला वळसा घालून खाली यायचं. कट खिशाच्या खाली दोन इंच सोडून सुरू करायचा, नाहीतर मोबाइलच्या वजनानं तिथलं कापड फाटतं.

कागदाच्या प्रत्येक बेतावर नाव, तारीख आणि छातीचं माप लिहा. पुढच्या वर्षी नव्यानं आखावं लागत नाही, अर्धा इंच इकडंतिकडं केला की झालं.

साडीवरचा ब्लाऊज मी घरी शिवत नाही. टक्स, अस्तर आणि अंगाबरोबर बसणारी पाठ यात एवढा वेळ जातो की तेवढ्यात लेकीचे दोन फ्रॉक होतात. शाळेच्या गणवेशाची चेन लावलेली पँटही शिंप्याकडं. तिथं फक्त एक सांगून यायचं: पायाला तीन इंच आत ठेवा आणि मागच्या शिलाईत दीड. न सांगता कुणी ठेवत नाही.