किचेला निघालेल्या धाकट्या फादरसाठी

ग्वातेमालातल्या किचे भागात तुझी नेमणूक झाल्याचं कळलं. म्हणून हे चार शब्द.

पहिलं म्हणजे, 'मी श्रद्धा घेऊन चाललोय' ही समजूत वसईतच ठेवून ये. यादवी युद्धाच्या काळात, 1980 साली, लष्कराकडून होणाऱ्या हत्या आणि धमक्यांमुळे बिशप हेरार्दी यांनी तिथला धर्मप्रांत बंद केला, धर्मगुरू बाहेर पडले. मागे राहिले तिथल्या मूळच्या माया समाजातले धर्मशिक्षक. बायबल सापडलं तरी जीव जायचा, म्हणून लोकांनी ती जमिनीत पुरून ठेवली. 2021 मध्ये किचेतल्या ज्या दहा हुतात्म्यांना चर्चने 'धन्य' घोषित केलं, त्यांत धर्मगुरू तीनच. बाकी सात प्रापंचिक, त्यातला एक बारा वर्षांचा पोरगा. तेव्हा पाहुणा तू आहेस.

त्या युद्धात मारून पुरलेल्यांचा सामूहिक खड्डा उकरायचा असेल त्या दिवशी पहाटेच पोच. अहकिह, म्हणजे माया पंचांगाचे दिवस जाणणारा माणूस, आधी मेणबत्त्या लावतो: पूर्वेला तांबडी, पश्चिमेला काळी, उत्तरेला पांढरी, दक्षिणेला पिवळी. कोपालचा, म्हणजे झाडाच्या सुगंधी डिंकाचा, धूर आपल्या धुपासारखाच दाटतो. स्टोल, गळ्यातला तो याजकाचा पट्टा, पिशवीतच असू दे. बोलावलं तरच प्रार्थनेला उभा राहा. मी एकदा घाईने पवित्र पाणी शिंपडायला पुढे झालो, तर एका म्हातारीने मनगट धरून मला बाजूला बसवलं. ती मातीत नवऱ्याच्या सदऱ्याचं बटण शोधत होती. तिनेच शिवलेलं होतं ते.

हाडं तपासायला राजधानीत जातात, परतायला कधी वर्षं लागतात. दफनाला मूठभर हाडं असली तरी पेटी पूर्ण मापाची मागव. घरची माणसं तीत नवे कपडे ठेवतात. नावं सगळी वाच, कितीही वेळ लागो. आदल्या संध्याकाळी कोणाकडून तरी उच्चार घोकून घे. घशातल्या घशात अडणारे ते किचे भाषेतले आवाज आपल्या जिभेला लवकर साधत नाहीत.

मिस्सेत शांतीचं अभिवादन येतं, तिथे जपून. लष्कराने गावकऱ्यांनाच गस्तीपथकांत जुंपलं होतं, त्यामुळे मारणाऱ्याचं आणि मेलेल्याचं घर एकाच कुंपणाला असू शकतं. 'एकमेकांना शांती द्या' म्हणून मी नुसता थांबतो. कोणाच्या हातात कोणाचा हात देत नाही. एक विधवा मला ओसरीवर म्हणाली, "क्षमा करीन, फादर. पण कोणाला? अजून कोणी कबूलच केलेलं नाही." तेव्हापासून प्रवचनात माझा क्रम ठरलाय: आधी नाव, मग हाडं, मग कबुली. क्षमा त्यानंतर, आणि तीही मी मागायची नाही. हेरार्दींनी या सत्याचीच किंमत मोजली: 24 एप्रिल 1998 ला अत्याचारांचा अहवाल मांडला, दोन दिवसांनी त्यांचा खून झाला.

दफनानंतर घरोघरी आतोल देतात, मक्याची गरम पेज. तिसऱ्या घरीही नको म्हणू नकोस. 'त्या रात्री'चा विषय आपण काढायचा नाही. बायकाच काढतात, बहुधा कणसं सोलताना. तेव्हा तूही एक कणीस हातात घे.