स्वयंसूचना रोज म्हणताय, तरी गुण येत नाही? या चुका टाळा

संमोहनात दिलेली सूचना एकदा ऐकून फारशी टिकत नाही. ती पुन्हा पुन्हा कानावर पडली की मनाच्या ओळखीची होते आणि गरजेच्या वेळी आपसूक पुढे येते. म्हणून संमोहन उपचारासाठी येणाऱ्यांना मी घरी स्वयंसूचनेचा, म्हणजे तीच सूचना स्वतःच स्वतःला देण्याचा, सराव करायला सांगते. पण "मॅडम, रोज शंभरदा म्हणतो, काहीच फरक नाही," असं म्हणत कुणी परत आलं, की मी आधी वाक्य बघते. चूक बहुतेक तिथंच सापडते.

सोलापूरच्या पूर्व भागातले एक यंत्रमाग कामगार झोप लागत नाही म्हणून आले होते. वहीत लिहिलेलं होतं, 'मी पूर्णतः तणावमुक्त असून मला गाढ निद्रा प्राप्त होत आहे.' घरची भाषा तेलुगू. विचारलं, लहानपणी आई झोपवताना काय म्हणायची? ते हसले, तेलुगूत दोनच शब्द म्हणाले आणि त्यांचे खांदे खाली आले. आम्ही तेच शब्द घेतले. आपल्याकडे कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या दखनी. सूचना त्याच बोलीत हवी. पुस्तकी वाक्याचा अर्थ लावण्यात गुंतलेलं मन सैल कधी पडणार?

दुसरी चूक जोर लावण्याची. 'झोप लागलीच पाहिजे' म्हटलं की डोळे टक्क उघडतात. फ्रान्समधले औषधविक्रेते एमिल कुए (१८५७–१९२६) सांगत, इच्छा आणि कल्पना यांची झुंज लागली की कल्पनाच जिंकते. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना, डोळे मिटून, एकाच सुरात एक वाक्य २० वेळा पुटपुटायचं, ही त्यांची पद्धत. मोजण्यात मन अडकू नये म्हणून २० गाठींचा दोरा. आमच्या कामगारांनी सुताचा तुकडा आणला तो मागावरचाच. गाठी इतक्या बारीक की फक्त बोटांनाच कळाव्यात.

दर दोन दिवसांनी वाक्य बदलू नका. निदान तीन आठवडे एकच ठेवा. 'मी घाबरणार नाही' म्हणताना डोळ्यांसमोर घाबरणंच येतं, त्याऐवजी 'श्वास संथ चाललाय' म्हणा.

सूचनेचं रेकॉर्डिंग गाडी चालवताना किंवा माग सुरू असताना कधीच ऐकू नका. छातीत दुखत असेल, तर सूचना राहू द्या आणि ताबडतोब दवाखाना गाठा. आसपास कुणी नसताना बोलण्याचे आवाज ऐकू येत असतील, तर संमोहनाआधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.