विंडोज १० नंतरचा घरचा संगणक: लिनक्स मिंट कसे बसवावे आणि कसे रुजवावे

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने थांबवली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१५-१६ साली हौसेने घेतलेला आणि आजही पत्रे, बँकेची कामे, मुलांचा अभ्यास बिनतक्रार सांभाळणारा संगणक कागदोपत्री निकामी ठरतो. अशा संगणकावर लिनक्स ही मोफत आणि मुक्त-स्रोत ऑपरेटिंग सिस्टीम बसवता येते, हे आता पुष्कळांनी ऐकलेले असते. शंका असते ती पुढची: घरातली माणसे ती वापरत राहतील का? नात्यागोत्यातल्या आणि शेजारच्या बऱ्याच संगणकांवर हे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की ती वापरतात, मात्र कामाचा क्रम पाळला तर. प्रत्यक्ष बसवण्याचे काम तासाभराचे असते. त्याआधीची तयारी तीन-चार आठवड्यांची असते, आणि ती टाळली की महिन्याभरात विंडोज परत येते.

क्रमाचे महत्त्व समजण्यासाठी फ्रान्समधील जाँदार्मरी या पोलीस दलाचे उदाहरण उपयोगी पडते. त्यांनी २००५ मध्ये विंडोजवरच ओपनऑफिस हा कार्यालयीन कामांचा मुक्त प्रोग्रॅम-संच वापरायला सुरुवात केली, २००६ मध्ये फायरफॉक्स हा ब्राउझर आणि थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्रॅम आणले, आणि कर्मचाऱ्यांचा हात या प्रोग्रॅमांवर बसल्यावर २००८ पासून उबुंटू लिनक्सकडे मोर्चा वळवला. पुढे तेथील सत्तर हजारांहून अधिक संगणक लिनक्सवर आले आणि आजही ते तसेच चालतात. याउलट जर्मनीतील म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक बदलले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. म्युनिकच्या माघारीला राजकीय कारणेही होती, त्यामुळे दोन्हींची सरळ तुलना करणे योग्य नाही. तरीही आधी प्रोग्रॅम आणि मग सिस्टीम हा फ्रेंच क्रम घरगुती संगणकाला जसाच्या तसा लागू पडतो.

म्हणून पहिल्या आठवड्यात काहीही बसवू नये. घरात संगणकावर कोण काय करते, याची यादी करावी, आणि ती विचारून नव्हे तर शेजारी बसून, पाहून करावी. कारण माणसे ‘फक्त इंटरनेट बघतो’ असे सांगतात आणि प्रत्यक्षात सोसायटीचा हिशेब टॅलीत लिहीत असतात. या यादीत टॅली, फोटोशॉप, पेजमेकर किंवा आधारच्या बोटांच्या ठशांचे यंत्र निघाले, तर तो संगणक लिनक्सवर नेण्याची घाई करू नये. टॅली विंडोजसाठीच बनलेली आहे. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनांसाठी काही कंपन्या लिनक्सचे ड्रायव्हर देतात, पण ज्या संकेतस्थळावर सही करायची त्याची सही करण्याची आज्ञावलीही लिनक्सवर चालते का, हे आधी करून पाहावे. वाइन नावाच्या सोयीने विंडोजचे काही प्रोग्रॅम लिनक्समध्ये चालतात हे खरे असले, तरी ज्यावर रोजीरोटी अवलंबून आहे असे काम तिच्या भरवशावर ठेवू नये. अशा घरात दोन्ही सिस्टीम शेजारी शेजारी ठेवणे हाच प्रामाणिक सल्ला आहे.

दुसऱ्या टप्प्यात विंडोजवरच वर्ड-एक्सेलसारखी कामे करणारे लिबरऑफिस, फायरफॉक्स, थंडरबर्ड आणि व्हिडिओसाठी व्हीएलसी बसवावे आणि घरच्यांना तेच वापरायला द्यावे. अडचणी याच काळात वर येतात, आणि त्या येथेच सुटणे चांगले. एक्सेलमधील मॅक्रो (आपोआप काम करून देणारे आज्ञांचे संच) लिबरऑफिसमध्ये नेहमीच चालतात असे नाही. वर्डमध्ये केलेल्या फायलींची पाने पुढे लिनक्सवर गेल्यावर पुढेमागे सरकतात, कारण कॅलिब्री हा फाँट तेथे नसतो. त्याच्याच मापाचा कार्लिटो हा मुक्त फाँट बसवला की बहुतेक पाने पूर्ववत होतात.

मराठी घरातली सर्वांत मोठी अडचण मात्र जुन्या मजकुराची असते, आणि तिच्याकडे फार कमी मार्गदर्शक लक्ष देतात. श्री-लिपी, शिवाजी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतोच. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेतांक असतात आणि फाँट त्यांना देवनागरी रूप देतो. तो फाँट नसलेल्या संगणकावर वडिलांचे मृत्युपत्र किंवा आजीच्या आठवणी निरर्थक चिन्हांची रांग होऊन समोर येतात. म्हणून विंडोज चालू असतानाच अशा सर्व फायली शोधाव्यात, त्यांची पीडीएफ प्रत काढून ठेवावी आणि मजकूर त्या त्या फाँटच्या परिवर्तकातून युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या एकसारख्या संकेतपद्धतीत, आणावा. परिवर्तनानंतर रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी डोळ्यांखालून घालावी; चुका बहुधा तेथेच होतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण लिनक्सवर जायचे नसले तरीही ते करण्याजोगे आहे.

आता मूळ यंत्राकडे वळू. सर्व फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवावीत आणि त्यातल्या दोन-चार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्सला विंडोजच्या भागात लिहिता येत नाही. डिस्कवर बिटलॉकरचे (विंडोजमधील डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीचे) कुलूप असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून घ्यावी आणि डिस्कची विभागणी बदलण्याआधी ते कुलूप काढावे. किल्ली हाताशी नसताना डिस्कला हात लावला, तर स्वतःच्याच फायलींना कायमचे मुकण्याची वेळ येऊ शकते.

लिनक्सचे अनेक अवतार आहेत. घरासाठी मी लिनक्स मिंट सुचवतो. खाली पट्टी आणि डाव्या कोपऱ्यात मेनू अशी त्याची मांडणी विंडोज वापरलेल्या हाताला लगेच ओळखीची वाटते, आणि मिंटच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा-अद्यतने मिळणार आहेत. आठ जीबी रॅम असेल तर सिनॅमन ही आवृत्ती घ्यावी, चार जीबी असेल तर एक्सएफसीई. संगणकात अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर त्याच खेपेस एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली जलद डिस्क, बसवून घ्यावी. वेगातला जो फरक लोक लिनक्सच्या नावावर जमा करतात, त्यातला बराचसा एसएसडीचा असतो.

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून सुमारे तीन जीबीची फाइल उतरवावी. ती अखंड उतरली का, हे पाहण्यासाठी विंडोजमध्ये ७-झिप बसवून त्या फाइलवर उजवी क्लिक करावी, एसएचए-२५६ हा पर्याय निवडावा आणि मिळालेली अक्षरे संकेतस्थळावर दिलेल्या अक्षरांशी ताडून पाहावीत. मग रूफस या प्रोग्रॅमने ती फाइल आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहावी. पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते. संगणक सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप, जी कळ आपल्या कंपनीची असेल ती, दाबून पेनड्राइव्ह निवडावा.

असे केल्यावर मिंट डिस्कला धक्का न लावता पेनड्राइव्हवरूनच चालू होते, आणि या सोयीचा पुरेपूर उपयोग करावा. वायफाय लागते का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, हे एकेक करून पाहावे. प्रिंटरची परीक्षा तर टाळूच नये. गेल्या काही वर्षांतले वायफायवर चालणारे प्रिंटर बहुधा आपोआप ओळखले जातात. परंतु केवळ स्वतःच्या खास ड्रायव्हरवर चालणारे काही जुने स्वस्त लेझर प्रिंटर लिनक्सवर अडून बसतात. माझ्या एका नातेवाइकाकडे मी ही चाचणी केली नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना शाळेचा दाखला छापता आला नाही. नव्या सिस्टीमवरचा त्यांचा विश्वास त्या एका कागदापायी उडाला, तो परत मिळवायला सहा महिने लागले.

सर्व ठीक असेल तर पडद्यावरच्या ‘इन्स्टॉल’ या चिन्हावर क्लिक करावे. भाषा आणि कळफलक निवडावेत, वेळेसाठी कोलकाता निवडावे, आणि मल्टिमीडिया कोडेकच्या (गाणी-व्हिडिओ चालवण्यासाठी लागणाऱ्या प्रोग्रॅमांच्या) चौकटीत खूण करावी. विंडोज ठेवायचे असेल तर ‘शेजारी बसवा’ या अर्थाचा पर्याय घ्यावा, आणि डिस्क पुसण्याचा पर्याय बाहेरची प्रत तपासल्याशिवाय कधीही घेऊ नये. डिस्क दिसतच नसेल, तर बायोसमधील (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधील) इंटेल आरएसटी हा डिस्क हाताळण्याचा प्रकार बहुधा आड येत असतो. तो बदलण्यापूर्वी जाणकाराला विचारावे, कारण नुसता बदलल्यास विंडोज सुरू होत नाही. दोन्ही सिस्टीम ठेवल्यावर विंडोजचे घड्याळ कधी कधी साडेपाच तास मागे दिसते. दोघांचा वेळ नोंदवण्याचा संकेत वेगळा असल्यामुळे हे घडते. त्यात बिघाड काही नसतो.

यानंतर मराठी. मिंटमधील इनपुट मेथड या खिडकीतून आयबस ही वेगवेगळ्या भाषांत टंकण्याची सोय बसवून त्यात एम१७एन या कळफलकांच्या संचातले मराठी पर्याय घेता येतात. त्यांत इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची ठरलेली कळरचना आहे आणि इंग्रजी अक्षरांवरून टंकण्याचे फोनेटिकही आहे. विंडोजवर किंवा फोनवर अर्धा शब्द लिहिला की पुढचा सुचवणारी सोय ज्यांच्या अंगवळणी पडली आहे, त्यांना हे फोनेटिक कोरडे वाटते, कारण येथे प्रत्येक अक्षर स्वतः टंकावे लागते. माझा आग्रह इनस्क्रिप्टचा आहे. तो विंडोजवरही तसाच असल्याने तयारीच्या आठवड्यांतच शिकता येतो, आणि स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला अशी त्याची रचना आठवड्याभरात हातात बसते. परीक्षा म्हणून ‘दुसऱ्या’ हा शब्द टंकून पाहावा: शिफ्टसह जे दाबल्यास नुक्त्याचा ऱ येतो, त्यानंतर हलन्त आणि य दिल्यावर ऱ्य उमटतो. शिफ्टसह एन दाबल्यास ळ येतो. लिबरऑफिसच्या भाषेच्या सेटिंगमध्ये जटिल लिपीसाठी मराठी निवडायला विसरू नये. हिंदी राहिली तर ल आणि श यांची मराठी वळणाची रूपे काही फाँटमध्ये मिळत नाहीत. मंगल हा फाँट मायक्रोसॉफ्टचा असल्याने येथे नसतो. नोटो, मुक्ता किंवा लोहित वापरावा. यांतला लोहित रेड हॅटने २००४ मध्ये खुला केला, आणि त्यावरचे बरेचसे काम पुण्यात झालेले आहे.

पहिल्या महिन्यात संगणक ज्याने बसवला त्याने हाकेच्या अंतरावर असावे. केरळच्या शासकीय शाळांत मुक्त आज्ञावली टिकली, त्यामागे ‘आयटी@स्कूल’ या २००१ पासूनच्या प्रकल्पाने शिक्षकांना दिलेले सततचे प्रशिक्षण होते. घरात ती जागा आपल्याला घ्यावी लागते. मिंटमधील टाइमशिफ्ट हा प्रोग्रॅम सुरू करून सिस्टीमच्या आठवडी प्रती राहतील अशी व्यवस्था करावी, म्हणजे एखाद्या अद्यतनाने बिघाड झाला तर काही मिनिटांत मागे जाता येते. मात्र टाइमशिफ्ट आपले फोटो आणि कागदपत्रे जपत नाही, त्यांची प्रत वेगळी ठेवावीच लागते. प्रोग्रॅम हवा असल्यास तो सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यावा, गूगलवर शोधून उतरवू नये, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी दाखवावे. विंडोज शेजारी ठेवले असेल तर तीन महिन्यांत ते किती वेळा आणि कशासाठी उघडले, याची नोंद तारखांसह वहीत करावी. एकदाही उघडले नसेल, तर त्यातली उरलीसुरली कागदपत्रे बाहेर काढून ती जागा मिंटला द्यावी. दर महिन्याच्या हिशेबासाठी उघडत असेल, तर ते आहे तसेच राहू द्यावे. ज्या पेनड्राइव्हवरून सिस्टीम बसवली तो पुसू नये. त्यावर चिठ्ठी चिकटवून तो कपाटात ठेवावा. संगणक कधी सुरू झाला नाही, तर त्याच्यावरूनच तो उघडून डिस्कमधल्या फायली बाहेर काढता येतात.