जायरो लावलेलं आरसी जेट नागपूरच्या हवेत कसं उडवायचं

वाऱ्याच्या झोताने आरसी, म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या जेटचा पंख कलला की जायरो (हे कलणं ओळखून आपोआप सावरणारं छोटं उपकरण) तो जागेवर आणतो. पण चुकीचा बॅलन्स, ढिली लिंकेज (पंख-शेपटीचे हलते भाग ओढणारी काडी) आणि कमजोर बॅटरी यांवर त्याच्याकडे इलाज नाही. तो हे दोष फक्त झाकून ठेवतो आणि ते लँडिंगच्या वेळी बाहेर येतात. म्हणून क्रम सोडू नका. आधी जेट जायरोशिवाय सरळ उडेल इतकं नीट करा, जायरो त्यानंतर.

पहिलं जेट 70 मिलीमीटर पंख्याचं ईडीएफ असावं, म्हणजे नळीत फिरणारा विजेवरचा पंखा. वजन साधारण दोन किलो आणि बॅटरी 6 सेलची. 64 मिलीमीटरचं स्वस्त पडतं, पण झोतात फार उधळतं. 90 मिलीमीटरला बॅटरी जड लागते आणि धावपट्टीही लांब लागते. केरोसिनवर चालणाऱ्या टर्बाइनचा विचार अजून करू नका. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग) असलेलं खालच्या पंखाचं साधं विमान तुम्ही आत्मविश्वासाने उतरवत नसाल, तर जेट थोडं लांबणीवर टाका.

वीज आणि जोडणी

70 मिलीमीटरचा 6 सेलवरचा पंखा फुल थ्रॉटलला 70 ते 80 अँपिअर ओढतो. त्याला 100 अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि 5000 एमएएचची, निदान 45सी लिहिलेली बॅटरी लागते; हा सी म्हणजे बॅटरी किती जोराने वीज देऊ शकते त्याचा आकडा. पहिल्यांदा जेट पक्कं बांधून वॉटमीटर लावा आणि फुल थ्रॉटल पाच सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका. त्या वेळी व्होल्टेज प्रति सेल 3.4 च्या खाली जात असेल, तर त्या बॅटरीवर जेट उडवू नका.

सर्वोंना, म्हणजे पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरींना, वीज ईएससीमधूनच देण्याचा मोह होतो. जायरो चालू असताना सर्वो सतत बारीक हालचाल करत राहतात, शिवाय रिट्रॅक्ट (चाकं आत-बाहेर करणारी यंत्रणा) असतातच. अशा वेळी व्होल्टेज क्षणभर कोसळलं तर रिसीव्हर बंद पडतो. वेगळा 10 अँपिअरचा यूबीईसी (रिसीव्हर आणि सर्वोंना स्थिर वीज देणारं सर्किट) लावा आणि ईएससीच्या थ्रॉटल वायरीतली लाल तार काढून टेपने गुंडाळा.

जायरो रिसीव्हर आणि सर्वो यांच्या मधे येतो. तो बॅलन्सच्या बिंदूजवळ, सपाट, विमानाच्या अक्षाला समांतर आणि ईएससीच्या उष्णतेपासून लांब बसवा. मे महिन्यात गाडीत ठेवलेल्या विमानातली दुहेरी फोम टेप मऊ पडते, जायरो एका बाजूला सरकतो आणि ऑटो लेव्हल मोडमध्ये (जायरो विमान आपोआप सपाट करतो तो) जेट सतत एकीकडे झुकतं. टेपवरून एक वेल्क्रो पट्टीही घ्या, आणि उन्हाळ्यात प्रत्येक वेळी बोटाने हलवून बघा.

नाकाचं चाक जायरोवर ठेवू नका. त्याला वेगळं चॅनेल द्या आणि ट्रान्समीटरमध्ये रडरशी (शेपटीचा उभा हलता भाग) मिक्स करा, नाहीतर धावताना चाक थरथरतं. डेल्टा पंख किंवा व्ही शेपटी असेल तर मिक्सिंग (एकाच हलत्या भागाला दोन कामं जोडणं) एकाच ठिकाणी करा, जायरोत किंवा ट्रान्समीटरमध्ये. दोन्हीकडे केलं की पृष्ठभाग, म्हणजे पंख-शेपटीचे हे हलते भाग, उलटेसुलटे वागतात.

सर्वोचे आर्म सबट्रिम (ट्रान्समीटरमधली सर्वोच्या मध्याची बारीक दुरुस्ती) शून्यावर ठेवून काटकोनात बसवा आणि पृष्ठभाग लिंकेज फिरवून मध्यावर आणा. बरेच जायरो सुरू होताना मिळालेली स्थिती मध्य म्हणून धरतात. म्हणून उडताना दिलेला ट्रिम (विमान सरळ जावं म्हणून केलेली बारीक दुरुस्ती) तसाच ठेवू नका. खाली आल्यावर तो लिंकेजवर उतरवा आणि ट्रान्समीटरचा ट्रिम पुन्हा शून्य करा.

बॅलन्स मॅन्युअलमध्ये दिलेल्या बिंदूवर, चाकं बाहेर काढून, बॅटरी बसवून तपासा. पहिल्या उड्डाणाला तो 5 मिलीमीटर पुढे असला तर चालेल, मागे मात्र अजिबात नको. बॅटरीची जागा आत पेनने आखून ठेवा.

जायरोची दिशा

इथे घाई केल्यामुळे जेटं जातात. दोन वेगळ्या गोष्टी तपासायच्या असतात : स्टिकची दिशा आणि जायरोची दिशा. एक बरोबर आहे म्हणून दुसरी बरोबर असेलच असं नाही.

बॅटरी लावल्यावर जेट जमिनीवर ठेवून हात काढा. जायरो आपला शून्य ठरवत असतो, तेवढे चार-पाच सेकंद धक्का लागता कामा नये. मग आधी स्टिक बघा : उजवीकडे दिली की उजवं एलेरॉन वर गेलं पाहिजे. ते उलटं असेल तर ट्रान्समीटरमध्ये दुरुस्त करा.

आता थ्रॉटल लॉक करा, जेट दोन्ही हातांनी उचला आणि कुणाला तरी मागे उभं करा. उजवा पंख झटकन खाली झुकवा : झुकत असतानाच उजवं एलेरॉन खाली आणि डावं वर गेलं पाहिजे. नाक खाली करा : एलेव्हेटर (शेपटीचा आडवा हलता भाग) वर. नाक डावीकडे वळवा : रडर उजवीकडे. साध्या रेट मोडमध्ये (जायरो फक्त हालचालीला विरोध करतो तो) हालचाल थांबली की पृष्ठभाग मध्यावर परततात, त्यामुळे नजर हालचाल चालू असतानाच हवी. एकही उलटं दिसलं तर ते जायरोच्या सेटिंगमध्ये बदला, ट्रान्समीटरमध्ये नाही. उलटा जायरो विमान चाकं सुटताच पालथं करतो, स्टिक हलवायलाही वेळ मिळत नाही. ही तपासणी प्रत्येक वेळी बॅटरी लावल्यावर करा.

मोडसाठी तीन जागांचं बटण ठेवा : बंद, रेट आणि ऑटो लेव्हल. अॅटिट्यूड होल्ड (विमान ज्या कोनात आहे तोच धरून ठेवणारा मोड) पहिल्या दिवसांत नकोच. तो जमिनीवर चालू राहिला तर जायरो आधीची स्थिती धरून बसतो, पृष्ठभाग हळूहळू एका टोकाला जातात आणि टेकऑफ तसाच होतो. ऑटो लेव्हलचं कॅलिब्रेशन करताना नाक दोन-तीन अंश वर ठेवा. जमिनीवर जेट ज्या कोनात उभं असतं तो उडण्याचा कोन नसतो.

गेन (जायरो किती जोराने सावरतो ते) एका फिरत्या नॉबवर घ्या आणि 25 ते 30 टक्क्यांपासून सुरुवात करा. एक्स्पो (मध्याजवळ स्टिक सौम्य करणारं सेटिंग) 30 टक्के. फेलसेफमध्ये, म्हणजे सिग्नल तुटल्यावर, थ्रॉटल शून्य झालंच पाहिजे. विमान बांधून, ट्रान्समीटर बंद करून ते डोळ्यांनी बघा. रेंज टेस्टही विसरू नका.

जागा आणि हवा

सोनेगावचं विमानतळ आणि वायुसेनानगर यामुळे शहराचा मोठा भाग वर्ज्य आहे. मिहानकडची मोकळी जमीन कितीही मोहात पाडो, ती विमानतळाला लागून आहे. कामठीत छावणी आहे. ड्रोन नियम 2021 प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात हिरव्या (परवानगी न घेता उडवता येणाऱ्या) क्षेत्राची मर्यादा 200 फूट आहे, त्यापलीकडे 400 फूट. जागा ठरवण्याआधी आणि उडवण्याच्या दिवशी सरकारचा डिजिटल स्काय हा ड्रोन क्षेत्रांचा नकाशा उघडून बघा, जमीनमालकाला विचारा, आणि जेट नजरेच्या टप्प्यातच ठेवा.

काळ्या मातीच्या शेतात जेट उडवता येत नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, नाकाचं चाक अडकतं आणि रिट्रॅक्टचा पिन वाकतो. मुरमाच्या पट्टीवर चाकांनी उडवलेले खडे पंखा आत ओढतो आणि पाती तुटतात. निदान 80 मीटरची झाडून घेतलेली डांबरी पट्टी शोधा. भांडेवाडीच्या कचरा डेपोच्या बाजूला घारींचे थवे असतात, तिकडे जाऊ नका. संक्रांतीच्या आसपास पतंगांच्या मांजामुळे वस्तीजवळ उडवूच नका.

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटरवर आहे. मे महिन्यात पारा 45 वर गेला की हवा हिवाळ्यातल्या पहाटेपेक्षा दहा-अकरा टक्के विरळ असते. पंख्याचा जोर जवळपास तेवढाच घटतो आणि स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाही तो) पाच-सहा टक्क्यांनी वाढतो. डिसेंबरमध्ये 40 मीटरमध्ये उठणारं जेट मे महिन्यात जास्त धाव घेतं आणि उतरतानाही जास्त वेगाने येतं. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत उडवून मोकळे व्हा. दुपारी वावटळी उठतात. हिवाळ्यात धुकं निघाल्यावर उडवा, आणि बॅटरी गार असेल तर ती आधी 25 अंशांपर्यंत कोमट करून घ्या.

उड्डाण

पहिला टेकऑफ जायरो बंद ठेवून, अर्धे फ्लॅप (उचल वाढवण्यासाठी पंखामागे खाली झुकणारे भाग) देऊन, वाऱ्याच्या समोर. थ्रॉटल दोन-तीन सेकंदांत वाढवा आणि वेग आल्यावर एलेव्हेटर हलकंच ओढा. जेट खेचून उचललं की एक पंख पडतो. 50 मीटर उंचीवर चाकं आत, फ्लॅप आत, अर्ध्या थ्रॉटलवर ट्रिम. हात सोडल्यावर सरळ जाऊ लागलं की रेट मोड लावा.

नॉब हळूहळू वाढवा. वेगाने जाताना पंख भरभर थरथरले तर एलेरॉनचा गेन जास्त आहे, नाक वरखाली डुललं तर एलेव्हेटरचा. थरथर दिसली की लगेच थ्रॉटल कमी करा, कारण वेगाबरोबर ती वाढतच जाते. मग गेन तिथून 10 ते 15 टक्क्यांनी खाली आणा. इतक्या कमी गेनवरही थरथरत असेल तर दोष लिंकेजच्या सैलपणात किंवा सुटलेल्या टेपमध्ये शोधा.

सरासरी 60 अँपिअर धरले तर 5000 एमएएचच्या 80 टक्क्यांत चार मिनिटं मिळतात. टायमर साडेतीनचा ठेवा, कारण एकदा फिरून पुन्हा येण्यापुरती वीज शिल्लक लागते.

लँडिंगमध्ये जायरो सगळ्यात जास्त फसवतो. वेग घटत असताना तो पंख एलेरॉनने सपाट धरून ठेवतो, त्यामुळे स्टॉलआधीचं डगमगणं दिसतच नाही. मग जेट एकदम आडवं पडतं. म्हणून उंचीवर असताना एकदा चाकं आणि फ्लॅप काढून हळू करत न्या आणि ते कुठे सोडतं ते बघून ठेवा. उतरताना 30 ते 40 टक्के थ्रॉटल पट्टीवर येईपर्यंत कायम ठेवा. ईडीएफला वेग घ्यायला क्षणभर लागतो. थ्रॉटल आधीच बंद केलं आणि नंतर आठवण झाली तर जोर यायच्या आत जमीन येते. पट्टीपर्यंत पोहोचत नाही असं दिसलं तर एलेव्हेटर ओढू नका, थ्रॉटल द्या. बेत बिघडला तर चाकं टेकण्याच्या खूप आधी फिरून परत या.

उतरल्यावर दहा मिनिटांनी प्रत्येक सेलचं व्होल्टेज मोजा. 3.75 च्या खाली असतील तर टायमर कमी करा. बॅटरी गार झाल्यावरच 1सीवर (5000 एमएएचला 5 अँपिअर), अग्निरोधक पिशवीत, समोर बसून चार्ज करा. त्या दिवशी उडवायचं नसेल तर ती 3.8 ते 3.85 वर आणून घरात ठेवा. उन्हात उभ्या गाडीत बॅटरीही नको आणि गडद रंगाचं फोमचं जेटही नको, त्याचे पंख वाकतात.