सूर्यास्ताच्या फोटोतला काळोख किती उघडायचा?

एडिटिंग नुकतंच शिकत होतो तेव्हाचा एक फोटो मी अजून जपून ठेवलाय. तळ्याकाठी आई उभी आहे, मागे केशरी आकाश आणि पाण्याला टेकत आलेला सूर्य. कॅमेऱ्याने आकाश सुरेख टिपलं, पण आईची मात्र नुसती काळी आकृती उरली. घरी येऊन मी शॅडोजचा, म्हणजे काळोखे भाग उजळवणारा, स्लायडर थेट +100 वर नेला. चेहरा दिसला, शालीचा रंग दिसला, मी खूश. आईने फोटो पाहिला आणि विचारलं, "मी नंतर चिकटवल्यासारखी का दिसतेय रे?"

त्या प्रश्नाचं उत्तर सापडायला मला बरेच दिवस लागले. स्लायडरने चेहऱ्याबरोबर पायाजवळचे दगड, गवत, हनुवटीखालची सावली असं सगळंच उजळलं होतं. सूर्य पाठीमागे असताना चेहऱ्यावर पडतो तो समोरच्या आकाशाचा मंद, किंचित निळसर उजेड. तो सगळीकडे सारखा पडत नाही. मी सगळं सारखं उजळलं आणि फोटोतली संध्याकाळच गेली.

तरी निम्मं काम फोटो काढतानाच होतं. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेली माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये काढा, हे सगळेच सांगतात. त्याचं कारण कळलं की विसरायला होत नाही. 8 बिट जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला उजेडाच्या 256 पायऱ्या मिळतात, 14 बिट रॉमध्ये 16,384. शिवाय सेन्सर प्रकाश सरळ मोजतो, त्यामुळे यातल्या निम्म्या पायऱ्या एकट्या सर्वांत उजळ स्टॉपला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जातात, उरलेल्यातल्या निम्म्या त्याच्या खालच्याला. अशा वाटणीत काळोखाच्या वाट्याला थोड्याच पायऱ्या येतात. त्यात तिथे प्रकाशही कमी पोचलेला असतो, म्हणून उजळवल्यावर नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, वर येतो. यावर उपाय एकच: आकाशातले रंग पांढरे पडणार नाहीत, पण त्या मर्यादेच्या अगदी जवळ जाईल इतकं एक्स्पोजर (सेन्सरवर पडू द्यायचा प्रकाश) द्यायचं. सूर्याचं बिंब पांढरं पडलं तर पडू द्या, त्याच्या भोवतीचं आकाश वाचलं पाहिजे. कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्राम (फोटोत गडद किती, उजळ किती हे दाखवणारा आलेख) बहुधा जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे रॉमध्ये त्याहून थोडी जास्त जागा असते.

आकाश आणि जमीन यांच्यात फारच तफावत असेल आणि समोरचा विषय हलणारा नसेल, तर ट्रायपॉडवर दोन वेगळ्या एक्स्पोजरचे फोटो काढून जोडता येतात. हे खोटं आहे असं काहींना वाटतं. पण 1850च्या दशकात गुस्ताव ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह जोडून एक प्रिंट काढत असे. माणूस समोर असेल तर मात्र मी एकाच रॉवर भिस्त ठेवतो. केस आणि कपडे वाऱ्यावर हलतात आणि जोड उघडा पडतो.

आता संगणकावर. आधी व्हाइट बॅलन्स (रंगांची ऊब-गारवा ठरवणारी सेटिंग), कारण ऑटोवर ठेवला तर संध्याकाळची ऊब बऱ्याचदा निघून जाते. मग संपूर्ण फोटोला शॅडोज +30 किंवा +40, त्यापुढे मी जात नाही. पुढचं सगळं मास्कमध्ये, म्हणजे फोटोचा फक्त निवडलेला भाग बदलत. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये 2021पासून आकाश आणि सब्जेक्ट आपोआप निवडता येतात. डार्कटेबल फुकट आहे आणि त्यातला टोन इक्वलायझर (उजेडाच्या पातळीनुसार भाग वेगवेगळे उजळवणारं साधन) या कामाला फार चांगला. फोनवर स्नॅपसीडमधलं सिलेक्टिव्ह वापरा. चेहऱ्याला साधारण एक स्टॉप, कपड्यांना त्याहून कमी, पायाशी जवळपास काहीच नाही.

उजळवलेला भाग बहुतेक वेळा करडा, धुरकट दिसतो. नवशिके इथे उजेड आणखी वाढवतात. तिथे हवा असतो तो कॉन्ट्रास्ट. त्याच मास्कमध्ये ब्लॅक्स (सर्वांत काळ्या भागांचा स्लायडर) थोडे खाली आणा, चेहऱ्याला लगेच उठाव येतो. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सचं उदाहरण मला इथे नेहमी आठवतं. 1941 साली न्यू मेक्सिकोत, मावळत्या उन्हात उजळलेल्या क्रुसांवर चंद्र उगवलेला असताना त्यांनी 'मूनराइज, हर्नांडेझ' काढला. लाइट मीटर सापडेना, म्हणून चंद्राच्या तेजस्वितेवरून एक्स्पोजर ठरवलं. निगेटिव्हमधला जमिनीचा भाग विरळ आला. 1948मध्ये त्यांनी रसायन वापरून फक्त तोच भाग गडद केला (निगेटिव्हमध्ये गडद म्हणजे प्रिंटमध्ये उजळ), तिथला कॉन्ट्रास्ट वाढावा म्हणून. आपला मास्क हेच काम करतो.

रंगही सांभाळायचा असतो. उजळवलेला चेहरा निळसर दिसला तर मास्कमध्ये टेम्परेचर जरा वाढवा, पण आकाशाइतका केशरी करू नका. मग 100 टक्क्यांवर झूम करून केसांची कड तपासा. तिथे पांढुरकी रेघ दिसली तर मास्क थोडा आत घ्या. पाणी असेल तर एक खूण कायम उपयोगी पडते: प्रतिबिंब त्याच्या आकाशापेक्षा कधीच उजळ नसतं. तसं झालं असेल तर हात जास्त चालला आहे.

आणि उडता पक्षी, निष्पर्ण फांदी, होडीची बाह्यरेषा? यांत सगळी गोष्ट आकारातच असते. तिथे मी काळा काळाच ठेवतो.

आईचा तो फोटो मी परत केला. दगड काळे ठेवले, चेहरा थोडाच उघडला, खांद्यावरची सोनेरी कड तशीच राहिली. फाइल जेपेग असल्यामुळे शालीच्या चुण्यांमधले डाग मात्र गेले नाहीत. यावेळी आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "हं, त्या दिवशी गार वारा सुटला होता."